उद्याच्या खेळाडूंचे गहाणखत

अमेरिकेतील एनबीए या बास्केटबॉल संघटनेच्या वार्षिक ‘ड्राफ्ट’मध्ये नवोदित खेळाडू निवडण्याचा अग्रमान सामान्यतः दुर्बळ संघांना लाभतो, परंतु आगामी वर्षांचे हे निवडहक्क आजच दुसऱ्याच्या हवाली करून, मोबदल्यात कसलेले खेळाडू पदरी घेण्याची मुभाही प्रत्येक संघाला असते.

2013 साली विजेतेपदाच्या उत्कंठेने ब्रुकलिन नेट्सने हेच केले. सदतीस वर्षांचा केविन गार्नेट आणि पस्तीस वर्षांचा पॉल पिअर्स यांच्यासाठी त्यांनी 2014, 2016 व 2018 या सालांचे पहिल्या फेरीचे हक्क बॉस्टन सेल्टिक्सला लिहून दिले आणि 2017 साली हक्कांची अदलाबदल करण्याचा अधिकारही बहाल केला. एकाआड एक वर्षे सुटली, ती संघटनेच्या नियमामुळे. क्लीव्हलंड संघाचे मालक टेड स्टेपियन यांनी 1980 नंतरच्या काळात असे हक्क इतक्या बेपर्वाईने उधळले की, लागोपाठच्या दोन भावी वर्षांचे पहिल्या फेरीचे हक्क देऊन टाकण्यास संघटनेला मनाई करावी लागली.

नेट्स पहिल्याच मोसमात मायामीकडून बाद सामन्यांच्या दुसऱ्या फेरीत हरले. 2016-17 मध्ये 82 पैकी अवघे 20 सामने जिंकून ते तळाला गेले आणि त्या अधोगतीचे फळ बॉस्टनने चाखले. ऐन बहरातल्या अँथनी डेव्हिससाठी असाच सौदा करणाऱ्या लेकर्सने मात्र 2020 साली विजेतेपद मिळवले. म्हणून नेट्सचा खरा प्रमाद मावळत्या गुणवत्तेला उगवतीचे मोल देण्याचा, असे मी मानतो. नेट्सच्या त्या हक्कांतून बॉस्टनला लाभलेले जेलन ब्राउन आणि जेसन टेटम हेच 2024 च्या विजेत्या संघाचे आधारस्तंभ होते.