खाणीला नियम, खोलीला सेन्सर

भूमिगत कोळसा खाणीतल्या हवेला कायद्याने मर्यादा घातल्या आहेत. ऑक्सिजन १९ टक्क्यांहून कमी चालत नाही आणि कार्बन डायऑक्साइड अर्ध्या टक्क्याहून जास्त चालत नाही. अर्धा टक्का म्हणजे दहा लाख भागांत ५,००० भाग, अर्थात ५,००० पीपीएम. चंद्रपूर जिल्ह्याच्या भद्रावती तालुक्यातलं माजरी हे वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेड) खाणींचं गाव. पण कामगार ड्युटीवरून घरी येऊन ज्या खोलीत झोपतो, तिथली हवा कोण मोजतं?

हिशेब करून पाहू. दहा बाय दहाची, दहा फूट उंच खोली. त्यात दोघे झोपलेले. झोपेत एक माणूस तासाला साधारण १२ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. खोली पूर्ण हवाबंद मानली, तर आकडा तासाला सुमारे ८५० पीपीएमने चढेल. बाहेरच्या हवेतल्या ४२५ पीपीएमपासून सुरुवात केली, तर साडेपाच तासांत खाणीची मर्यादा ओलांडली जाईल. प्रत्यक्षात दारा-खिडक्यांच्या फटींतून हवा येते, म्हणून आकडा इतका चढत नाही. तरी बंद खोलीत दोन हजार होणं नवलाचं नाही.

चंद्रपूरचा उन्हाळा इथे महत्त्वाचा ठरतो. कूलर बाहेरची हवा ओल्या गवतातून आत ओढतो आणि त्यासाठी एखादी खिडकी उघडी ठेवावीच लागते. घरगुती एसी मात्र आतलीच हवा गार करून पुन्हा फिरवतो. कूलर गेला आणि एसी आला, की वीजबिलाबरोबर खोलीतला कार्बन डायऑक्साइडही वाढतो.

म्युनिकचे शास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्येच राहत्या खोलीसाठी १,००० पीपीएमची मर्यादा सुचवली होती. एवढा वायू विषारी असतो असं नाही. खोलीत माणसांनी सोडलेली हवा किती साचली, याची ती खूण आहे. त्याच हवेतून सर्दी-खोकल्याचे जंतूही फिरतात.

ही खूण आता चिमुकला सेन्सर टिपतो. कार्बन डायऑक्साइड ४.२६ मायक्रॉन तरंगलांबीचे अवरक्त किरण शोषतो. किरण किती घटले, यावरून वायूचं प्रमाण कळतं. काही नव्या सेन्सरमध्ये किरणांच्या झोतागणिक वायू तापून प्रसरण पावतो आणि त्या दाबाची धडधड सूक्ष्म मायक्रोफोन ऐकतो. त्यामुळे सेन्सर जेमतेम एक सेंटिमीटर रुंदीचा झाला. काही स्वस्त यंत्रं मात्र हा वायू मोजतच नाहीत. इतर वायूंवरून अंदाज बांधतात. घेताना ‘एनडीआयआर’ (किरणांची घट मोजणारा) किंवा ‘फोटोअकूस्टिक’ (धडधड ऐकणारा) लिहिलेलं पाहावं. अनेक यंत्रं आठवडाभरातला सर्वांत कमी आकडा बाहेरच्या हवेचा समजून स्वतःला जुळवून घेतात. त्यामुळे यंत्र अधूनमधून उघड्या हवेत ठेवावं, नाहीतर कोंदट खोलीलाच ते ताजी हवा समजेल.

माजरीत खिडकी उघडली की कोळशाची धूळ आत येते, ही अडचण खरी आहे. धूळ या सेन्सरला दिसत नाही. तिच्यासाठी वेगळं यंत्र लागतं. म्हणून ट्रकांची वर्दळ कमी असताना समोरासमोरच्या खिडक्या थोडा वेळ उघडून आकडा उतरवणं शहाणपणाचं.

थंडीतल्या कोळशाच्या शेगडीची गोष्ट वेगळी. तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड काही शे पीपीएमलाही जीव घेऊ शकतो आणि हा सेन्सर त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. आकडा कितीही दिलासा देवो, झोपण्याआधी शेगडी घराबाहेरच हवी.