उष्ण-दमट हवामानात हिरवळीसाठी खताची निवड : कुडवा परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
गोंदिया शहरालगतचे कुडवा हे धानपट्ट्यातील गाव होय. येथील उन्हाळा प्रखर असून वर्षातील बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबर या काळात पडतो. बाजारात सहज मिळणारी खते धानाला अनुसरून ठेवलेली असतात. तीच महाविद्यालयाच्या प्रांगणातील हिरवळीला देण्याचा मोह होतो. धान व हरळी ही दोन्ही तृणवर्गीय असली तरी त्यांची गरज भिन्न आहे. ही भिन्नता स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

नत्राचा ऱ्हास :
धानाच्या बांधीत पाणी साचते व प्राणवायूच्या अभावी नत्र अमोनियम स्वरूपात टिकून राहते. हिरवळीची जमीन मात्र निचऱ्याची असते. तेथे युरियातील नत्राचे नायट्रेटमध्ये रूपांतर होऊन मुसळधार पावसात ते मुळांच्या खाली झिरपते. हलक्या सिहार जमिनीत हा ऱ्हास भारी कन्हार जमिनीपेक्षा अधिक होतो. याउलट, ओलसर पृष्ठभागावर युरिया टाकून वर पाणी न दिल्यास उन्हाच्या तापाने नत्र अमोनिया वायूच्या रूपात उडून जाते. पावसाळ्यात नत्राचा अतिरेक झाल्यास कोवळ्या पात्यांवर बुरशीजन्य रोगही बळावतात.

खताची निवड :
यास्तव नत्र सावकाश पुरविणारी खते श्रेयस्कर ठरतात. गांडूळखत व निंबोळी पेंड ही त्यांपैकी सुलभ होत. युरियाच वापरावयाचा झाल्यास 2015 पासून देशात सक्तीचा झालेला निंबोळीवेष्टित युरिया अल्प हप्त्यांत द्यावा. त्यात 46 टक्के नत्र असते. म्हणून 100 चौरस मीटरला 250 ग्रॅम नत्रासाठी सुमारे 540 ग्रॅम युरिया पुरेसा होतो. पहिला हप्ता मृगाच्या सरी स्थिरावल्यावर व दुसरा पावसाचा जोर ओसरल्यावर द्यावा आणि लगेच हलके पाणी शिंपडावे. अतिवृष्टीची शक्यता असल्यास खत देऊ नये. 10:26:26 अथवा 18:46 यांसारखी स्फुरदप्रधान खते माती परीक्षणाशिवाय वापरू नयेत. कापलेले गवत हिरवळीवरच राहू दिल्यास नत्राची सुमारे पाव गरज भागते.

निष्कर्ष :
गोंदिया हा तलावांचा जिल्हा आहे. हिरवळीवरून वाहून गेलेले नत्र व स्फुरद अखेर तलावांत पोहोचते, शेवाळ वाढविते आणि पाण्यातील प्राणवायू घटविते. म्हणून खताची निवड करताना गवताच्या हिरवेपणाइतकाच पाण्याच्या आरोग्याचाही विचार होणे अगत्याचे आहे.