'चिलर फ्री' म्हणजे नक्की काय फुकट?

दुबईत घर शोधलं असेल, तर जाहिरातीतले दोन शब्द तुम्हाला पाठ असतील: 'चिलर फ्री'. म्हणजे कूलिंगचं वेगळं बिल भाडेकरूला येणार नाही, तो खर्च मालक बघेल. घर तसं नसेल, तर वीज-पाण्याच्या बिलाशिवाय आणखी एक बिल येतं. त्याचे मुख्य भाग दोन: किती गारवा वापरला त्याचा आकार, आणि किती गारवा तुमच्यासाठी राखून ठेवला त्याचा आकार. जुलैत कुलूप लावून दीड महिना पुण्याला गेलात, तरी दुसरा भाग चुकत नाही. "घरात कुणी नव्हतं, मग पैसे कसले?" हा प्रश्न सुट्टीनंतर हमखास ऐकू येतो.

प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर बिलाच्या कागदावर नाही, ती व्यवस्था कशी डिझाइन केली त्यात आहे.

आधी गावाकडची पिठाची गिरणी आठवा. दळण घेऊन जायचं, किलोवर पैसे द्यायचे, पीठ घेऊन यायचं. दगडाला टाकी कधी लावली, पट्टा कधी बदलला, याच्याशी आपला संबंध नाही. आपण यंत्र विकत घेत नाही, यंत्राने केलेलं काम विकत घेतो. वस्तू आणि सेवा अशा एकत्र विणलेल्या व्यवस्थेला अभियांत्रिकीत 'प्रॉडक्ट-सर्व्हिस सिस्टिम' म्हणतात. डच संशोधक अर्नोल्ड टकर यांनी २००४ मध्ये तिचे तीन मोठे गट मांडले. पहिल्यात वस्तू तुमची, सोबत सेवा: एसी घेतला आणि देखभालीचा वार्षिक करार केला. दुसऱ्यात वस्तू त्यांची, वापर तुमचा: भाड्याची गाडी. तिसऱ्यात फक्त परिणाम विकला जातो: गिरणी. विमानाची इंजिनं उड्डाणाच्या तासावर देण्याची पद्धत १९६२ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झाली, तिचा रोखही याच दिशेने होता.

अमिरातीतलं डिस्ट्रिक्ट कूलिंग या तिसऱ्या गटात बसतं. अबू धाबीची तबरीद १९९८ मध्ये उभी राहिली, दुबईची एम्पॉवर २००३ मध्ये. मोठ्या केंद्रात पाणी साधारण ४-५ अंशांपर्यंत थंड करायचं, जमिनीखालच्या पाइपांतून इमारतींपर्यंत न्यायचं, तिथली उष्णता घेऊन १३-१४ अंशांना परत आणायचं. विकायचा माल 'टन-तास'. हा टन वजनाचा नाही. एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जितकी उष्णता शोषतो तो दर, म्हणजे ३.५ किलोवॅट. बर्फाच्या लाद्या विकल्या जायच्या त्या काळाची ही आठवण.

हे परवडतं कसं? ऑफिसांना गारवा दुपारी लागतो, घरांना संध्याकाळी आणि रात्री. समजा, दहा इमारतींची प्रत्येकी कमाल गरज १,००० टन आहे, पण सगळ्यांची कमाल एकाच वेळी येत नाही. मग १०,००० ऐवजी ८,००० टनांचं केंद्र पुरू शकतं. शिवाय रात्री टाकीत थंड पाणी साठवून दुपारी वापरता येतं. मोठे चिलर कार्यक्षम असतात, त्यामुळे विजेची मोठी बचत होते. कंपन्या ती निम्म्यापर्यंत सांगतात.

मग डिझाइनमध्ये अवघड काय? तीन गोष्टी.

पहिली: आपण नक्की काय विकतोय? जपानमध्ये तेत्सुओ तोमियामा आणि योशिकी शिमोमुरा यांनी 'सर्व्हिस इंजिनिअरिंग' नावाची पद्धत मांडली. तिची सुरुवात यंत्रापासून होत नाही, घेणाऱ्याच्या स्थितीत कोणता बदल हवा इथून होते. दुबईत उत्तर सोपं वाटतं: गारवा. पण उन्हाळ्यात एसी पूर्ण बंद करून गावाला गेलात, तर परत आल्यावर कपाटातल्या कपड्यांना आणि चपलांना बुरशी लागलेली दिसू शकते. म्हणजे तुम्हाला कोरडी हवाही हवी असते. घरात कुणी नसतानाही हवी असते. एवढं कळलं की 'रिकाम्या घराची गरज शून्य' हे गृहीतक डिझाइनरला सोडावं लागतं.

दुसरी: सीमा कुठे आखायची? जी. लिन शोस्टॅक यांनी १९८४ मध्ये 'सर्व्हिस ब्लूप्रिंट' मांडली. सेवेची प्रत्येक पायरी कागदावर काढायची आणि ग्राहकाला काय दिसतं, काय दिसत नाही, यांच्यामध्ये एक रेघ ओढायची. इथे केंद्र आणि पाइप कंपनीचे. पण तुमच्या छतामागचं फॅन कॉइल, त्याचा फिल्टर, व्हॉल्व्ह हे इमारतीचे किंवा मालकाचे. आता हा हिशोब बघा. पाणी ९ अंशांनी तापून परत गेलं, तर एक टन गारव्यासाठी मिनिटाला साधारण साडेपाच लिटर पाणी लागतं. व्हॉल्व्ह नीट बंद होत नसेल किंवा कॉइल मळलेलं असेल आणि पाणी ५ अंशांनीच तापून परतलं, तर दहा लिटर लागतं. पाइप तोच असेल, तर पंपाला लागणारी शक्ती जवळजवळ प्रवाहाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह पावणेदोन पट झाला, की शक्ती पाच पटींच्या वर जाते. बिघाड तुमच्या छतात, फटका केंद्राला. म्हणून परतीच्या पाण्याचं तापमान करारात लिहावं लागतं आणि देखभालीचं वेळापत्रक हाही डिझाइनचाच भाग ठरतो.

तिसरी, आणि आपल्या प्रश्नाशी थेट भिडणारी: किंमत. केंद्र, टाक्या, पाइप यांचा खर्च तुम्ही घरी असा-नसा, झालेलाच असतो. त्यासाठी राखीव क्षमतेचा आकार. तत्त्व म्हणून ते चूक नाही. पण हा आकडा ठरवतो कोण? इमारत कागदावर असताना बिल्डरचे सल्लागार. गारवा कमी पडला तर बोल त्यांना लागणार, म्हणून ते हात सैल ठेवतात. समजा, गरज ३ टनांची आणि नोंद ४ टनांची. मग राखीव आकाराचा चौथा हिस्सा तुम्ही दरवर्षी कधीच न वापरलेल्या गारव्यासाठी भरता. चुकीचा अंदाज एकाचा, बिल दुसऱ्याचं. हा दोष चिलरचा नाही, जोखीम वाटण्याच्या रचनेचा आहे. म्हणूनच दराचं सूत्रसुद्धा पंपाइतक्याच काळजीने डिझाइन करावं लागतं आणि सरकारी नियमन लागतं. दुबईने २०२१ मध्ये डिस्ट्रिक्ट कूलिंगसाठी स्वतंत्र ठराव केला.

आणि 'चिलर फ्री'? तिथे उलटा घोटाळा. बिल मालकाचं, रिमोट तुमच्या हातात. १८ वर एसी लावून वर पांघरूण घेऊन झोपायला काहीच अडत नाही. टकर यांचा इशारा हाच होता: वस्तूऐवजी सेवा विकली म्हणजे आपोआप काटकसर होते असं नाही. भाड्याची वस्तू माणूस जपून वापरत नाही. फायदा तेव्हाच होतो, जेव्हा वाचवणाऱ्यालाच वाचलेलं मिळतं.

तेव्हा पुढचं घर घेताना तीन प्रश्न विचारा. माझ्या फ्लॅटच्या नावावर किती टन नोंदलेत? मीटर माझ्या घराचा वेगळा आहे, की क्षेत्रफळावर वाटणी? कॉइल आणि फिल्टर साफ कोण करतं, आणि कधी? एजंट गोंधळला तर ताण घेऊ नका. लेखी उत्तर मागा. क्षमता जास्त नोंदली असेल, तर एकट्याच्या तक्रारीपेक्षा मालक संघटनेने मोजमापाचे आकडे पुढे ठेवून फेरविचार मागणं जास्त उपयोगाचं.

आणि तुमच्यापैकी जे मेकॅनिकल किंवा सिव्हिलवाले उद्या अशा कन्सल्टन्सीत बसणार आहेत, त्यांना एक सांगणं. लोड शीटवर 'थोडं जास्त धरू' म्हणून लिहिलेला आकडा सुरक्षित वाटतो. पण ती इमारत उभी असेपर्यंत कुणीतरी त्याचे पैसे भरत असतं, घराला कुलूप असतानाही.