मान खाली, नाक चिमटीत!

उन्हाळा आला की कट्ट्यावर, मैदानावर, परीक्षेच्या हॉलमध्ये कुणाचा ना कुणाचा घोळणा फुटतोच. मग कांदा, पाणी, माती, सगळे उपाय होतात. जो करायला हवा तो एक सोडून!

एप्रिल-मेची दुपार. ठिकाण कनेरगाव नाका. इकडे हिंगोली, तिकडे वाशिम. म्हणजे इकडे मराठवाडा, तिकडे विदर्भ. हायवेवरून ट्रक धूळ उडवत चाललेत. एसटीची वाट बघत पोरं-पोरी उभ्या आहेत. कुणाचा पेपर नांदेडच्या विद्यापीठाचा, कुणाचा अमरावतीच्या. अशात कुणाच्या तरी शर्टावर टपकन लाल थेंब पडतो. मग दुसरा. मग धारच.

आता पुढचं दृश्य डोळ्यांसमोर आणा. ‘मान वर कर, मान वर!’ असं चार जण एकदम ओरडतात. एक जण कांदा आणायला पळतो. दुसरा पाण्याची बाटली डोक्यावर रिकामी करतो. तिसरा म्हणतो, ‘वाहू दे रे, उष्णता निघून जाते.’ या बाबतीत मराठवाडा आणि विदर्भ यांच्यात काडीचाही फरक नाही. दोन्हीकडे तेच उपाय आणि दोन्हीकडे तीच चूक.

कारण ज्याचं रक्त वाहतंय, त्याचं नाक मात्र कुणीच दाबून धरत नाही.

रक्त येतं कुठून?

घोळणा म्हणा, ‘नाक फुटलं’ म्हणा, दहापैकी साधारण नऊ वेळा रक्त एकाच जागेहून येतं. दोन नाकपुड्यांच्या मध्ये जो पडदा आहे, त्याच्या अगदी पुढच्या, खालच्या भागातून. नाकात बोट घातलं की जिथं पहिल्यांदा लागतं, तीच जागा. तिथं चार-पाच रक्तवाहिन्यांच्या बारीक फांद्या एकत्र येऊन जाळं झालेलं असतं आणि त्यावर पातळ, ओलसर त्वचेचा एक थर. बस्स, एवढंच संरक्षण! अमेरिकेतल्या जेम्स लिटल या सर्जननी 1879 मध्ये आणि नंतर जर्मनीच्या विल्हेल्म किसेलबाख या डॉक्टरांनी या जागेबद्दल लिहिलं. म्हणून डॉक्टर लोक आजही तिला ‘लिटल्स एरिया’ म्हणतात.

म्हणजे रक्त ना मेंदूतून येतं, ना डोक्यातून. ते येतं बोटाच्या टोकाला लागेल इतक्या जवळून. ही गोष्ट कळली की अर्धी भीती तिथंच जाते. आणि उपायही आपोआप कळतो: बोट पोचतं तिथं, तर बोटानंच दाबायचं.

उष्णता की कोरडेपणा?

आपल्याकडे एकच उत्तर तयार असतं, ‘अंगात उष्णता वाढली.’ उन्हाळ्यात हे जास्त होतं, हे खरं. पण थंड देशांत घोळणा फुटण्याचं प्रमाण हिवाळ्यात वाढतं! मग उष्णतेचं काय? दोन्हीकडे सारखी असलेली गोष्ट म्हणजे कोरडी हवा. आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढं गेला की हवेतली ओल संपते. नाकातला तो पातळ थर सुकतो, त्याला भेगा पडतात, खपली धरते. ती खपली आपण बोटानं काढतो, नाहीतर जोरात शिंकरतो. झालं, जाळं उघडं पडलं.

त्यात हिंगोली जिल्हा म्हणजे हळदीचा. उन्हाळ्याच्या तोंडावर हळद शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची. घरच्या कामात हात लावणाऱ्या पोरांना विचारा, पॉलिशच्या वेळी किती भुकटी उडते ते. सोयाबीनच्या मळणीतही तेच. धूळ, सर्दी, अ‍ॅलर्जी, सिगारेट, सारखा एसी, क्रिकेटचा बॉल नाकावर बसणं, सर्दीचा स्प्रे हौसेनं आठवडे-आठवडे मारणं, ही सगळी कारणं त्याच यादीतली. आणि सगळ्यात वरचं कारण कुणी कबूल करत नाही. ते म्हणजे आपलंच बोट!

कांद्याला फुकटचं श्रेय

‘पण आमच्याकडे कांदा हुंगवला की थांबतं,’ असं तुम्ही म्हणाल. थांबतं, बरोबर आहे. कारण बहुतेक घोळणे काही मिनिटांत आपोआपच थांबतात. रक्ताला गोठायला वेळ लागतो. त्या वेळात कुणी कांदा फोडला असेल तर श्रेय कांद्याला, माठाखालची ओली माती हुंगवली असेल तर मातीला, दुर्वांचा रस टाकला असेल तर दुर्वांना. डोक्यावर गार पाणी ओतल्यानं उन्हात बरं वाटेल, पण नाकातली रक्तवाहिनी त्यानं बंद होत नाही. नाकात काही थेंब टाकायला गेलं तर नुकती धरलेली गाठ सुटायचीच शक्यता जास्त.

खरा घोटाळा होतो मान वर केल्यानं. रक्त पुढून दिसेनासं होतं, म्हणून थांबल्यासारखं वाटतं. पण ते घशातून पोटात जात असतं. पोटातलं रक्त मळमळ करतं आणि थोड्या वेळानं लालभडक उलटी होते. मग घरचे दुप्पट घाबरतात. ज्याला चक्कर आलीय त्याला उताणं झोपवलं तर रक्त श्वासनलिकेत जाऊ शकतं. शिवाय किती रक्त गेलं, हे कळायचा मार्गही बंद.

मग करायचं काय?

1. बसवा. झोपवू नका. मान थोडी पुढं झुकवा, वाचायला बसल्यासारखी.

2. अंगठा आणि पहिलं बोट, अशी चिमटी करून नाकाचा खालचा मऊ भाग घट्ट दाबा. वरच्या हाडावर दाबून उपयोग नाही. एकाच बाजूनं रक्त येत असलं तरी दोन्ही नाकपुड्या मिटल्या पाहिजेत.

3. श्वास तोंडानं घ्या. तोंडात रक्त आलं तर गिळू नका, थुंका.

4. मोबाइलवर दहा मिनिटांचा टायमर लावा. पूर्ण दहा! म्हणजे दोन-तीन गाणी. इथंच सगळे फसतात. दर मिनिटाला ‘थांबलं का’ म्हणून बोट काढून बघतात आणि गाठ धरायच्या आत ती मोडतात.

5. थांबलं नाही तर पुन्हा दहा मिनिटं. सोबत नाकाच्या वरच्या भागावर बर्फ धरायला हरकत नाही, पण चिमटी सोडायची नाही.

6. दुसऱ्याला मदत करताना हातात ग्लोव्हज नसतील तर प्लॅस्टिकची स्वच्छ पिशवी चालते.

परीक्षेच्या हॉलमध्ये झालं तरी हेच. पेपरातली दहा मिनिटं जातील, हे खरं. पण कांदा शोधण्यात अर्धा तास जाण्यापेक्षा ते परवडलं. आणि डावा हात नाकावर असला तरी उजवा लिहायला मोकळाच आहे की!

रक्त थांबल्यावर निदान दिवसभर नाक शिंकरायचं नाही, खपली काढायची नाही, वजन उचलायचं नाही. भरतीच्या तयारीवाल्यांनो, त्या दिवशीची सोळाशे मीटरची प्रॅक्टिस राहू द्या. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून द्या.

दवाखाना कधी?

घोळणा बहुतेक वेळा साधाच असतो. पण काही वेळा तो दुसऱ्याच कशाची तरी खबर देत असतो. तेव्हा कट्ट्यावरचं डोकं चालवायचं नाही.

- नीट दाबूनही अर्ध्या तासात थांबलं नाही, रक्त घशातून वाहत राहिलं, चक्कर आली, श्वास घ्यायला त्रास झाला किंवा डोक्याला मार लागून रक्त आलं, तर थेट दवाखाना. 108 ला फोन करा. 2014 पासून राज्यभर ही अ‍ॅम्ब्युलन्स मोफत आहे. गाडी येईपर्यंत चिमटी चालूच ठेवा.

- घरातले आजी-आजोबा रक्त पातळ करायच्या गोळ्या घेत असतील किंवा त्यांना बीपी असेल, तर वाट बघू नका. त्यांचं रक्त कधी कधी नाकाच्या मागच्या भागातून येतं, तिथं आपली चिमटी पोचत नाही. आणि गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका.

- ताप आणि सोबत नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त, अंगावर लाल ठिपके? डेंग्यू असू शकतो. अशा वेळी अ‍ॅस्पिरिन, ब्रुफेनसारख्या गोळ्या घेणं धोक्याचं. रक्ताची तपासणी करा.

- मुलग्यांसाठी: एकाच नाकपुडीतून वारंवार भळाभळा रक्त आणि तीच नाकपुडी कायम बंद असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. कुमार आणि तरुण वयातल्या मुलांमध्ये नाकाच्या मागं एक विशिष्ट गाठ होऊ शकते. ती कॅन्सरची नसते, पण रक्तस्राव जोरात करते.

- मुलींसाठी: घोळणा सारखा फुटतो, पाळीत रक्तस्राव खूप होतो, जरा लागलं तरी काळं-निळं पडतं, हे तिन्ही एकत्र असेल तर डॉक्टरांना तिन्ही गोष्टी सांगा. रक्त गोठण्यात काही जन्मजात कमतरता असू शकते. ‘बायकांना असतंच तसं’ म्हणून वर्षानुवर्षं ती लक्षातच येत नाही. पाळीबद्दल बोलायला संकोच वाटतो म्हणून निदान राहून जायला नको.

डॉक्टरांकडे उपाय आहेत. फुटलेली रक्तवाहिनी सिल्व्हर नायट्रेट लावून बंद करता येते, नाकात पट्टी भरता येते, फारच झालं तर ऑपरेशन. पण इथवर येणारे पेशंट फार थोडे.

फुटूच नये म्हणून

ज्यांचा घोळणा सारखा फुटतो, त्यांनी मेडिकलमध्ये मिळणारे साध्या मिठाच्या पाण्याचे थेंब दिवसातून दोन-तीनदा नाकात टाकावेत. नाकपुडीच्या तोंडाशी व्हॅसलीनचं बोट फिरवावं, अगदी पातळ. तेल-तुपाचे थेंब नाकात ओतायचे नाहीत, ते फुप्फुसात उतरू शकतात. धुळीत, हळदीच्या कामात, बाइकवर तोंडाला दस्ती किंवा स्कार्फ बांधा, तो थोडा ओला असला तर आणखी बरं. कूलरमध्ये पाणी भरा, नुसता पंखा म्हणून चालवू नका. पाणी पीत राहा. नखं कापा. आणि बोट... ते तुम्हाला माहितीये.

जिल्ह्याच्या दवाखान्यापासून लांब असलेल्या कुठल्याही नाक्यावर, गावात, शेतात पहिली दहा मिनिटं डॉक्टरांची नसतात. ती शेजारी उभ्या असलेल्या माणसाची असतात. पुढच्या वेळी कुणी ‘मान वर कर’ म्हणून ओरडलं, तर तुम्ही पुढं व्हा, मान खाली करा आणि टायमर लावा. कांदा नंतर भेळीत घालू.