एकाच मळ्याची जुनी आणि नवी वाईन : जमिनीची खरी पारख

ज्वारी-बाजरीची परीक्षा चार महिन्यांत होते. द्राक्षवेलीची परीक्षा होण्यास काही वर्षे लागतात. ज्या द्राक्षांपासून उंची वाईन करावयाची, त्यांची परीक्षा तर तोडणीनंतरही पुष्कळ वर्षे चालू राहते. इटलीतील एका विख्यात मळ्याचा इतिहास या दृष्टीने द्राक्ष बागाइतदारांना विचार करावयास लावणारा आहे. मद्यपानाचा पुरस्कार करणे हा या लेखाचा हेतू नव्हे. जमीन, जात आणि हवामान यांची पारख कशी होते, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

गोट्यांची जमीन

इटलीच्या तस्कनी प्रांतात समुद्रकिनाऱ्यापासून थोड्या अंतरावर बोल्गेरी हे लहानसे गाव आहे. त्याच्या शिवारात ‘तेनुता सान ग्विदो’ हा मळा आहे. त्याचे मालक मारिओ इन्चिझा देल्ला रोक्केत्ता यांनी १९४० नंतरच्या दशकात तेथे काबर्ने सोव्हिन्यों व काबर्ने फ्रां या मूळच्या फ्रेंच जातींची लागवड केली. त्यासाठी लागणाऱ्या काड्या त्यांनी पीसा शहराजवळच्या एका जुन्या बागेतून आणल्या.

त्या काळी तस्कनीत सांजोवेझे ही जात रूढ होती. समुद्रकाठच्या जमिनीत चांगली वाईन होत नाही, असाही सार्वत्रिक समज होता. मारिओ यांनी त्या समजापेक्षा जमिनीकडे अधिक लक्ष दिले. तेथील माती दगडगोट्यांनी भरलेली होती. फ्रान्समधील बोर्दो भागातील ग्राव्ह या नामांकित टापूतील जमीनही अशीच आहे. अशा जमिनीत पाण्याचा निचरा उत्तम होतो, मुळे खोल जातात आणि वेल पानांवर माजत नाही. इटालियन भाषेत ‘सास्सो’ म्हणजे दगड. त्यावरूनच या मळ्याच्या वाईनीस ‘सास्सिकाया’ हे नाव मिळाले.

वीस वर्षांची प्रतीक्षा

पहिली वाईन तयार झाली, परंतु ती कोणास आवडली नाही. आसपासच्या लोकांना हलक्या वाईनीची सवय होती. ही त्यांना उग्र आणि तुरट वाटली. १९४८ पासून १९६७ पर्यंत ती बाजारात गेलीच नाही. मळ्यावरच वापरली गेली. अशा वेळी बाग उपटून टाकण्याचा मोह कोणासही झाला असता. मारिओ यांनी बाग राखली, आणि दरवर्षी काही पेट्या तळघरात बाजूस ठेवण्याचा क्रम सोडला नाही.

या एका सवयीने मळ्याचे भवितव्य ठरविले. काही वर्षांनी जुन्या बाटल्या उघडल्या, तेव्हा पूर्वी जी चव नापसंत झाली होती तीच आता मऊ व सुगंधी झालेली आढळली. दोष जमिनीचा नव्हता, जातीचाही नव्हता. निर्णय देण्याची घाई झाली होती. त्यानंतर लागवड वाढविण्यात आली, जाकोमो ताकिस या तज्ज्ञांचे साहाय्य घेण्यात आले, आणि १९६८ च्या हंगामाची वाईन प्रथम विक्रीस आली. १९७८ मध्ये लंडन येथे ‘डिकॅन्टर’ मासिकाने अनेक देशांच्या काबर्ने वाईनींची तुलना केली. तीत १९७२ ची सास्सिकाया सर्वांत सरस ठरली. तरीही ती तेथील नियमांत न बसणाऱ्या जातींची असल्यामुळे कित्येक वर्षे ‘साधी टेबल वाईन’ म्हणूनच विकली जात होती. १९९४ च्या हंगामापासून तिला कायद्याने मान्य अशा प्रदेशनामाचा दर्जा मिळाला.

जुनी व नवी शेजारी ठेवली असता

अशा मळ्याची पारख करताना वेगवेगळ्या वर्षांच्या बाटल्या ओळीने मांडतात. जुनी बाटली आदल्या दिवसापासून उभी ठेवतात, म्हणजे गाळ तळाशी बसतो. परीक्षक घोटभर वाईन तोंडात घोळवून थुंकून टाकतात, कारण डोके ताळ्यावर राहिले नाही तर परीक्षा कसली?

नव्या वाईनीचा रंग गडद जांभळट असतो. वास ताज्या फळांचा येतो. कच्चे जांभूळ चावल्यावर जीभ ओढली जाते, तशी ती तोंडाला लागते. हा तुरटपणा द्राक्षाच्या साली व बिया यांतील टॅनिन या द्रव्याचा, आणि काही अंशी ओक लाकडाच्या पिंपाचाही असतो. बाटलीत वर्षे लोटतात तशी टॅनिनची आपसांत व रंगद्रव्यांशी जुळणी होते आणि काही भाग गाळ होऊन खाली बसतो. म्हणून जुन्या वाईनीचा रंग विटकरी होतो, तुरटपणा निवतो, आणि सुकी पाने, तंबाखू, ओली माती यांची आठवण देणारा वास येतो. मात्र हे प्रत्येक वाईनीचे होत नाही. मुळात फळ कसदार नसेल, तर काळ तिला सुधारीत नाही. केवळ शिळी करतो.

या रांगेत हवामानही वाचता येते. जानेवारी १९८५ मध्ये तस्कनीत भयंकर थंडी पडून असंख्य ऑलिव्ह झाडे मेली. झोपलेल्या द्राक्षवेली मात्र निभावल्या, पुढचा उन्हाळा कोरडा व उबदार गेला, आणि त्या सालची सास्सिकाया या मळ्याच्या सर्वोत्तम वाईनींत गणली जाते. २००२ चे साल थंड व पावसाचे होते, तर २००३ अतिउष्ण व अवर्षणाचे. जमीन तीच, जात तीच. फरक त्या त्या सालचा.

आपण काय घ्यावे

नाशिक भागात काबर्ने सोव्हिन्यों होते, परंतु आपली रीत निराळी आहे. तस्कनीत वेल हिवाळ्यात झोपते, छाटणी वर्षातून एकदा होते आणि तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास येते. आपल्याकडे वेलीस अशी झोप मिळत नाही. एप्रिलची खरड छाटणी व पावसाळ्यानंतरची फळछाटणी करून जानेवारी ते मार्चमध्ये वाईनची द्राक्षे तोडतात. म्हणून तेथील वेळापत्रक येथे उचलून चालणार नाही. उचलावयाची ती त्यांची शिस्त.

बागाइतदारांनी प्रत्येक तुकड्याची छाटणीची तारीख, पाऊस, तोडणीची तारीख, रसातील साखर आणि उतारा यांची नोंद दरवर्षी एकाच वहीत ठेवावी. नवी जात प्रथम थोड्या क्षेत्रात लावावी आणि एका वर्षाच्या फळावरून तिला डोक्यावर घेऊ नये, की उपटूनही टाकू नये. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनीही प्रात्यक्षिकाच्या तुकड्याचा निकाल एका हंगामात जाहीर न करता, चांगल्या व वाईट अशा दोन्ही सालांच्या नोंदी शेजारी ठेवून शेतकऱ्यांपुढे मांडावा. बोल्गेरीच्या तळघरात त्या थोड्या पेट्या राखून ठेवल्या नसत्या, तर त्या गोट्यांच्या जमिनीचे मोल कोणास कळले नसते.