पाण्यावर पोट, मातीत घर

तिकोणा किल्ल्यावरून खाली पाहिले की पवना धरणाचा जलाशय डोळ्यांत भरतो. तिकोणा पेठेतून त्याच्या काठाशी उतरावे आणि पाण्यावर नजर ठेवून थोडे थांबावे. काळा-पांढरा, सुमारे फूटभर लांबीचा एक पक्षी उडता उडता हवेत एका जागी थबकतो. पंख जोरजोरात हलत असतात, शरीर जवळजवळ उभे आणि चोच थेट खाली रोखलेली. पंखांची एवढी धडपड चालू असूनही डोके मात्र जागचे हलत नाही. क्षणात पंख मिटतात आणि पक्षी सरळ पाण्यात घुसतो. हा कवड्या खंड्या. नराच्या छातीवर दोन काळे पट्टे असतात, मादीच्या एकच आणि तोही बहुधा मध्ये तुटलेला.

खंड्याच्या बहुतेक जातींना शिकारीसाठी फांदी, खांब, तार असे बसायला काहीतरी लागते. मासा धरून परत तिथे यायचे, तो आपटायचा, मग गिळायचा. कवड्या मात्र लहान मासा उडतानाच गिळू शकतो, त्यामुळे त्याला काठाला बांधून राहावे लागत नाही. आफ्रिकेतल्या करिबा या प्रचंड धरणाच्या जलाशयात हे पक्षी किनाऱ्यापासून बरेच आत जाऊन मासेमारी करतात, अशी नोंद आहे. पवनेसारखे माणसाने अडवलेले मोठे पाणी अशा शिकाऱ्याला सोयीचे ठरते.

एवढा पाण्यावरचा पक्षी घर मात्र मातीत करतो. नर आणि मादी मिळून काठाच्या उभ्या दरडीत बीळ खणतात. चोचीने माती फोडायची आणि पायांनी मागे लोटायची. भुयार मीटर-दीड मीटर लांब जाते आणि शेवटी रुंद होते. त्या काळोखात मादी चार ते सहा पांढरीशुभ्र अंडी घालते. उघड्यावरच्या अंड्यांना ठिपक्यांचा आणि मातकट रंगांचा आडोसा लागतो; बिळात शत्रूची नजरच पोहोचत नाही, म्हणून रंगाची गरज नाही. पिल्ले उघडी आणि आंधळी जन्मतात. पिसे फुटली तरी ती बरेच दिवस आपल्या वेष्टनातच राहतात आणि पिल्लू साळिंदरासारखे काटेरी दिसते. माशांच्या काट्यांनी आणि घाणीने भरलेल्या बिळात पिसे स्वच्छ राहण्याचा हा एक फायदा.

या पिल्लांना भरवायला कधी कधी मदतनीसही येतात. हाइन्झ-उलरिश रायर यांनी केनियात कवड्याचा अभ्यास केला. आधीच्या विणीतले तरुण मुलगे आईबापांसाठी मासे आणतात, असे त्यांना दिसले. परके नरही मदतीला येतात, पण त्यांना थारा मिळतो तो परिस्थिती पाहून. नैवाशा सरोवरावर मासे सहज मिळत, तिथे आईबाप परक्यांना हुसकावत. व्हिक्टोरिया सरोवरावर मासेमारी कष्टाची होती, तिथे मात्र त्यांना थांबू देत.

पाण्यावर पोट आणि मातीत घर हा संसार जगाच्या दुसऱ्या टोकालाही आहे. उत्तर अटलांटिकमधला पफिन समुद्रात बुडी मारून मासे पकडतो, भडक रंगाच्या चोचीत एका वेळी अनेक मासे आडवे धरतो आणि बेटावरच्या मातीतल्या बिळात वाढणाऱ्या एकुलत्या पिल्लाला नेऊन देतो. विणीचा हंगाम सरला की चोचीवरची रंगीत कवचे गळून पडतात. समुद्रातले मासे घटल्याने पफिनवर संकट आहेच, पण बिळाला धोका झाला तरी तो संपतो. इंग्लंडच्या लंडी बेटावर जहाजांतून आलेल्या उंदरांचा सुळसुळाट होता आणि तिथले पफिन जवळजवळ नाहीसे झाले होते. मोहीम राबवून उंदीर संपवले गेले, २००६मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झाले. त्यानंतर पफिन परतले आणि शेकड्यांनी वाढले.

पवनेच्या काठाला हा धडा थेट लागू पडतो. कवड्याची वीण साधारण ऑक्टोबर ते मे या काळातली. जलाशयाकाठी तंबूंची गर्दी होते तीही पावसाळा सरल्यावर. जेसीबीने काठ सपाट केला, दरडीला दगडी पिचिंग केले किंवा बिळाच्या तोंडाशीच चूल मांडली, तर पाण्यात मासे कितीही असोत, पिल्ले वाढवायला जागा उरत नाही. वापरातले बीळ ओळखणे अवघड नाही. तोंडाशी विष्ठेचे पांढरे ओघळ असतात, माशांचा उग्र वास येतो आणि चोचीत मासा धरलेला पक्षी पुन्हा पुन्हा तिथे येतो. असे बीळ दिसले तर दूर थांबावे, फोटोसाठीही जवळ जाऊ नये. काठावर काम काढण्याआधी आणि तंबू ठोकण्याआधी गावातल्या गुराख्यांना, मासेमारी करणाऱ्यांना विचारावे. कोणत्या दरडीत बिळे आहेत हे ते सांगू शकतात. तेवढी दरड तशीच सोडली, तर कवड्याचा पुढचा संसार तिथेच उभा राहील.