आधी निदान, मग जादा तास

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. सातवीतल्या नातवाला घेऊन एक आजी दवाखान्यात आल्या. "डागदर सायब, रोज सकाळी पोट दुखतंय म्हणतंय. रविवारी मातर कायबी नसतं," असे त्या सांगू लागल्या. त्याच तक्रारीसाठी मी या मुलाला आधी दोनदा तपासले होते. एकदा जंताची गोळी दिली, एकदा टॉनिक. रविवारी पोट का दुखत नाही, हे मात्र विचारले नव्हते. ती चूक माझी.

या वेळी विचारले. फळ्यावरचे लिहून होत नाही म्हणून दोन महिने त्याला शाळा सुटल्यावर रोज थांबवून घेत होते. अपुरा राहिलेला धडा दहा वेळा लिहायचा, मग घरी जायचे. गावाकडची गाडी तोवर निघून गेलेली असे. पोरगा अंधारात चालत घरी येई. मी त्याला भिंतीवरच्या तक्त्यासमोर सहा मीटरवर उभे केले. वरच्या दोन ओळी वाचल्या आणि गप्प झाला. नजर ६/३६! म्हणजे चांगल्या डोळ्यांना छत्तीस मीटरवरून दिसते ते याला सहा मीटरवरून दिसत होते. फळा दिसत नव्हता, आणि शिक्षा मात्र आळसाची चालली होती.

वाचकहो, 'थांबवून घेणे' आणि 'जादा तास घेणे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मागे पडलेल्या मुलाला जादा शिकवणे हे तर शिक्षकाचे कर्तव्यच आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २४ व्या कलमात तसे स्पष्ट लिहिले आहे. त्याच कायद्याचे १७ वे कलम शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई करते. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांत मुलाला वर्गात किंवा बंद जागेत अडकवून ठेवणे हीही शारीरिक शिक्षाच मानली आहे.

२०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीच्या परीक्षेत नापास झालेल्याला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये ती स्वीकारली. पण त्याआधी त्या मुलाला जादा शिकवून निकालापासून दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षेची संधी द्यावी लागते. या जादा शिकवण्याला शाळेत 'उपचारात्मक अध्यापन' म्हणतात. उपचार हा शब्द आमच्या धंद्यातला. निदानाआधी उपचार केला की काय होते, ते वर माझ्याच उदाहरणात आले आहे.

मूल मागे का पडते?

नजर कमी असते. कान फुटलेला असतो किंवा मळाने भरलेला असतो, त्यामुळे मागच्या बाकावर ऐकू येत नाही. रक्त कमी असते. पाच ते अकरा वर्षांच्या मुलाचे हिमोग्लोबिन ११.५ च्या खाली, बारा ते चौदा वर्षांच्या मुलाचे १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय समजावा. असे मूल लवकर थकते, त्याचे ध्यान लागत नाही. काही मुले बोलता बोलता दहा-पंधरा सेकंद शून्यात बघतात आणि पुन्हा पूर्ववत होतात. 'लक्ष नाही' म्हणून ती मार खातात, पण तो फेफऱ्याचाच एक प्रकार असू शकतो व औषधाने आटोक्यात येतो. काही हुशार मुलांना अक्षरेच नीट लागत नाहीत. अध्ययन अक्षमता म्हणून २०१६ च्या दिव्यांग कायद्यात याची नोंद आहे.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक कारण आहे, ते म्हणजे ऊसतोड. भूम, परंडा, वाशी, कळंब भागातली कितीतरी मुले दिवाळीच्या सुमारास आईबापाबरोबर कारखान्याच्या फडावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. अर्धे वर्ष वर्गच न पाहिलेल्या मुलाला धडा दहा वेळा लिहायला लावून काय साधणार? त्याला सुटलेला भाग शिकवायला हवा. आणि गावात हंगामी वसतिगृह असेल तर मुलाला मागे ठेवण्याचा विचार पालकांनी जरूर करावा.

काय करावे?

१. मूल अभ्यासात मागे पडले की आधी डोळे, कान व रक्त तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत येते. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. गरज असेल त्या शाळकरी मुलाला सरकारी योजनेतून मोफत चष्मा मिळतो.

२. जादा तास जरूर घ्यावा, पण पोटात काही असावे. दुपारच्या खिचडीवर संध्याकाळचे सहा वाजले तर डोके चालत नाही. मूठभर शेंगदाणे-गूळ किंवा फुटाणे चालतील.

३. तासाआधी पाणी आणि लघवीची सुट्टी द्यावी. लघवी तुंबवून ठेवल्याने विशेषतः मुलींना जळजळ व ताप येतो.

४. एसटीची वेळ पाहूनच तास ठेवावा. मूल किती वाजता सुटणार हे घरी कळवावे, मुलींच्या बाबतीत तर न चुकता.

५. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ तास तरी झोप हवी. रात्री जागवून अभ्यास पुरा करून घेऊ नका.

६. शाळेच्या दिवशीच दुखणारे पोट 'नाटक' समजू नका. भीतीने पोट खरेच दुखते. मुलाला एकांतात, न रागावता विचारा.

शिक्षकांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. एकाच गुरुजींवर दोन-दोन वर्ग असतात, हे मी पाहतो. त्या मुलाच्या गुरुजींना मी चिठ्ठी लिहिली. त्यांनी त्याला पहिल्या बाकावर बसवले, महिनाभरात चष्माही आला. गणितासाठी तो अजून थांबतो, पण अर्धाच तास, आणि गाडीच्या आधी सुटतो.

त्यानंतर पोटदुखीसाठी तो दवाखान्यात आलेला नाही.